नेट आहे, पण लागत नाही

रात्री फोन चार्जिंगला लावला, सकाळी बघितला तर नवं अपडेट आलेलं आणि वायफाय लागायचं बंद. ही तक्रार घेऊन कुणाकडेही जा, सल्ले ठरलेले आहेत. बंद करून चालू कर. वायफाय फरगेट करून परत जोड. नाहीच जमलं तर नेटवर्क रिसेट मार. आणि स्टेशनबाहेरच्या एखाद्या दुकानात गेलात तर, “सॉफ्टवेअर मारावं लागेल, फोन ठेवून जा.”

यातला कुठलाच सल्ला मुळात वाईट नाही. फोन बंद करून चालू केल्यावर पुष्कळदा काम होऊनही जातं. पण सल्ला देणारा आधी एक गोष्ट विचारत नाही, की अडलंय नेमकं कुठे? मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत असते, त्यामुळे नात्यातल्यांचे, शेजाऱ्यांचे, ओळखीपाळखीच्यांचे फोन माझ्याकडे येत असतात. त्यातून माझं एक मत पक्कं होत गेलंय. फोन आणि राउटर, फोन आणि हेडफोन, फोन आणि टॉवर यांचं जुळणं हा दोन बाजूंचा करार असतो. अपडेट येतं तेव्हा एका बाजूच्या अटी बदलतात आणि दुसऱ्या बाजूला त्याचा पत्ता नसतो. मधे जो माणूस असतो त्याला तर कुणीच काही सांगितलेलं नसतं. त्याला वाटतं, फोन बिघडला. पुष्कळांना वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. हे दुसरं वाटणं मला जास्त लागतं.

परळला आमच्या भागात एक अभ्यासिका आहे. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं राहतात, तिथे अभ्यासाला कोपरा मिळत नाही, म्हणून मुलं-मुली इथे येतात. एमपीएससीची, बँकेच्या परीक्षांची, सीएची. गावाकडून येऊन मामा-काकांकडे राहिलेली मुलंही त्यात असतात. वायफाय अभ्यासिकेचं, आणि ते बाहेरच्यांनी वापरू नये म्हणून व्यवस्था बघणाऱ्या काकांनी एक वही ठेवलेली आहे. नाव, फोन नंबर आणि पुढे फोनचा मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिळून बारा चिन्हांची ओळख. वहीत लिहिलं की काका तीच बारा चिन्हं राउटरमध्ये भरतात. यादीत आहे त्याला आत, नाही त्याला बाहेर. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन रजिस्टर बघून सोडतो, तसंच.

साताऱ्याकडचा एक मुलगा राज्यसेवेची तयारी करत होता. त्याचा फोन अपडेट झाला, त्यानंतर नेट अडखळायला लागलं. मित्रांनी सांगितलं म्हणून त्याने वायफाय फरगेट केलं, पासवर्ड टाकून परत जोडायला गेला आणि दार पूर्णच बंद झालं. पासवर्ड बरोबर. काकांनी वही काढून दाखवली, “हे बघ, तुझा नंबर इथे आहे. राउटरमध्येही आहे. आता मी काय करू?” काका खोटं बोलत नव्हते. मुलगाही नाही. टेस्ट सिरीज ऑनलाइन होती, आणि रोजचा दीड जीबीचा पॅक दुपारपर्यंत संपायचा. मग संध्याकाळी तो दुसऱ्याच्या हॉटस्पॉटवर बसायचा, त्या दुसऱ्याचाही पॅक रोजचाच.

झालं होतं ते असं. पूर्वी फोनला कारखान्यात जी ओळख मिळायची तीच तो सगळीकडे दाखवत फिरायचा. मॉलमध्ये, स्टेशनवर, कॉफीच्या दुकानात. त्या ओळखीवरून हा फोन कधी आला, किती वेळ थांबला, परत कधी आला, हे कुणालाही नोंदवता यायचं. त्याला आळा घालायला आयफोनने २०१४ मध्ये आयओएस ८ पासून नुसतं नेटवर्क शोधताना खोटी ओळख दाखवायला सुरुवात केली. पुढे २०१९ मध्ये अँड्रॉइड १० आलं आणि २०२० मध्ये आयओएस १४. त्यांनी वायफायला प्रत्यक्ष जोडतानाही प्रत्येक नेटवर्कसाठी वेगळी, यदृच्छेने बनवलेली ओळख वापरायला सुरुवात केली. नवीन नेटवर्क जोडलं की हेच आपोआप ठरलेलं. म्हणजे त्या मुलाने फरगेट करून परत जोडलं, त्या क्षणी त्याचा फोन अभ्यासिकेच्या दारात नव्या नावाने उभा राहिला. वहीत होता तो जुना.

हा बदल मला मनापासून योग्य वाटतो. माझ्या फोनच्या मागे कुणी माग काढत फिरू नये, हा माझा हक्क आहे. पण परळच्या एका खोलीतल्या वहीवर याचा काय परिणाम होईल, हे त्या खोलीतल्या कुणाला कळण्याची सोय नव्हती. अपडेटसोबत जी दोन ओळींची माहिती येते तिच्यात सुरक्षिततेतल्या सुधारणा एवढंच असतं, आणि तेही इंग्रजीत.

उपाय अर्ध्या मिनिटाचा निघाला. त्या एका वायफायच्या नावाशेजारच्या गिअरच्या खुणेवर जाऊन, प्रायव्हसीमध्ये रँडमाइज्ड मॅकऐवजी फोनचा स्वतःचा मॅक निवडायचा. आयफोनवर प्रायव्हेट वायफाय अ‍ॅड्रेस बंद करायचा. फक्त त्या नेटवर्कपुरता. बाकी जगासाठी फोन झाकलेलाच राहू द्यायचा. काकांनी ते मराठीत कागदावर लिहून घेतलं आणि नोटीस बोर्डावर लावलं. त्यांनी लिहिलेली वाक्यं फोनच्या कंपनीच्या कुठल्याही सूचनेपेक्षा सरळ आहेत. (मॅकची यादी हे तसं मजबूत कुलूप नाही, ती ओळख नक्कल करता येते. पण अभ्यासिकेकडे पैसे कमी आणि वही हाताशी, तेव्हा हेही समजण्यासारखं आहे.)

म्हणून मी म्हणते, आधी बघा अडलंय कुठे. फोन वायफायला जोडला जातो तेव्हा एक गोष्ट घडत नाही, पाच-सहा घडतात, एकामागून एक. राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा आपलं नाव हवेत सोडत असतो. फोनच्या यादीत ते नाव आलं म्हणजे फोनला राउटर ऐकू आला, त्याहून जास्त काही नाही. मग सुरक्षिततेचा प्रकार दोघांचा जुळतो का ते बघितलं जातं. मग दोघांकडे पासवर्ड एकच आहे याची खात्री होते, आणि तीही पासवर्ड हवेतून न पाठवता. मग राउटर फोनला त्या घरापुरता एक आयपी अ‍ॅड्रेस देतो. मग साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारा डीएनएस सर्व्हर गाठावा लागतो. आणि सगळ्यात शेवटी फोन आपल्या ठरलेल्या एका पानाला हाक मारून बघतो. अपेक्षित उत्तर आलं तरच मानतो, की इंटरनेट आहे.

या शेवटच्या पायरीची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. २०१२ मध्ये आयओएस ६ आलं, त्या दिवशी अ‍ॅपलच्या साइटवरचं हे तपासणीचं पानच काही काळ जागेवर नव्हतं. घरातलं वायफाय धडधाकट, लाइन चालू, आणि तरी नवं अपडेट घेतलेल्या कितीतरी फोनांना नेट सापडेना. घरी बसून राउटर बदलणाऱ्या माणसाला हे कळणार कसं?

यातल्या प्रत्येक पायरीला फोन वेगळं काहीतरी लिहितो आणि आपण ते वाचत नाही. फोन माझ्याकडे पाठवण्याआधी मी स्क्रीनशॉट मागते तो त्यासाठी. ऑथेंटिकेशन प्रॉब्लेम असं आलं असेल तर पासवर्ड तपासा, आणि पासवर्ड बरोबर असेल तर राउटरचं वय विचारा. वायफायला कुलूप लावायच्या पद्धती बदलत गेल्यात, २००४ पासून डब्ल्यूपीए२ आहे, २०१८ मध्ये डब्ल्यूपीए३ आलं. लॅमिंग्टन रोडवरून दहा-बारा वर्षांपूर्वी आणलेला राउटर अजून जुन्या, कमकुवत पद्धतीवर ठेवलेला असला, तर नवा फोन त्याच्याशी बोलायला कुरकुर करतो, आणि ती कुरकुर रास्त असते. राउटरच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए२ एईएस निवडलं की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. ऑब्टेनिंग आयपी अ‍ॅड्रेस म्हणून गोल फिरत राहिलं तर पासवर्डचा काही संबंध नाही, ती पायरी ओलांडून झालेली आहे. तिथे राउटर पत्ता देत नाहीये, मग राउटर बंद-चालू करा. आणि कनेक्टेड, नो इंटरनेट असं आलं तर फोन आणि राउटर यांचं उत्तम जुळलेलं आहे, अडलंय त्यांच्या पलीकडे. किंवा फोनमध्ये व्हीपीएन, प्रायव्हेट डीएनएस, चुकलेली तारीख-वेळ यांपैकी काहीतरी आडवं आलंय. तारीख चुकलेली असली की साइटची सुरक्षा प्रमाणपत्रं फोनला मुदतीबाहेरची वाटतात, हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं.

प्रायव्हेट डीएनएसचा अनुभव स्टेशनवर येतो. मुंबई सेंट्रल हे देशातलं पहिलं स्टेशन, जिथे जानेवारी २०१६ मध्ये रेलटेल आणि गूगलने मिळून मोफत वायफाय सुरू केलं. अशा वायफायवर आधी लॉगिनचं पान उघडतं, नंबर टाकायचा, ओटीपी येतो, मग नेट. अँड्रॉइड ९ पासून, म्हणजे २०१८ पासून, फोनमध्ये प्रायव्हेट डीएनएस आहे, म्हणजे डीएनएस सर्व्हर आपला आपण ठरवून ठेवायची सोय. कुणी जाहिराती टाळण्यासाठी तिथे एखाद्या सर्व्हरचं नाव भरून ठेवलं असेल, तर फोन हट्टाने त्यालाच विचारत राहतो. लॉगिन झाल्याशिवाय त्या सर्व्हरपर्यंत पोचता येत नाही, आणि त्याच्याशिवाय काही फोनांवर लॉगिनचं पान उघडत नाही. तेवढ्यापुरतं ते ऑटोमॅटिकवर ठेवायचं, पान उघडतं.

पण मुंबईत राहून एक गोष्ट आधी तपासावीच लागते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते. अपडेट रात्री आलं आणि त्याच रात्री कोपऱ्यावर काँक्रीटच्या रस्त्यासाठी खोदकाम झालं, जेसीबीने फायबर तोडली. सकाळी सगळं खापर अपडेटवर. राउटरवर लॉस असं लिहिलेला, म्हणजे बाहेरून सिग्नल येत नसल्याचा, लाल दिवा लागलाय का, घरातला दुसरा फोन चालतोय का, खालच्या मजल्यावरच्यांचं नेट आहे का, एवढं विचारलं तर अर्ध्या तक्रारी तिथेच संपतात. मग केबलवाल्याकडचा मुलगा छोटा मीटर घेऊन येतो, वायरचं टोक त्यात घालून प्रकाश किती पोचतोय ते मोजतो. उणे वीसच्या आसपास आकडा आला तर ठीक म्हणून मान डोलावतो, उणे सत्तावीसच्या पलीकडे गेला तर जिन्यातल्या जॉइंटकडे वळतो. पावसाळ्यात तर आधी जॉइंटच उघडतो. त्या वेळी फोनमध्ये काहीही केलं तरी फरक पडणार नसतो, उलट रिसेट मारून आपण घरातले, ऑफिसातले, माहेरचे सगळे पासवर्ड पुसून बसतो.

दुसरी मुंबईची गोष्ट म्हणजे गर्दी. टॉवरमधल्या कुठल्याही फ्लॅटमध्ये वायफायची यादी उघडा, बोटाने खाली सरकवत राहावं लागतं. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. त्यात सगळ्या मजल्यांचे राउटर, त्यातच ब्लूटूथ, त्यातच मायक्रोवेव्ह. ५ गिगाहर्ट्झला जागा भरपूर आहे, भारतात २०१८ मध्ये तिथला मोठा भाग विनापरवाना वापरायला खुला झाला, पण त्या लहरी जाड भिंतीपुढे लवकर दमतात. राउटरने दोन्हींना एकच नाव दिलेलं असलं तर कुठल्या पट्ट्यावर जायचं हे फोन ठरवतो, आणि अपडेटनंतर त्याचं ठरवणं बदलू शकतं. आधी स्वयंपाकघरात नीट चालणारा फोन मग तिथेच अडखळायला लागतो. दोन्हींना वेगळी नावं देऊन बघा, लगेच कळतं.

मोबाइल डेटाबद्दल थोडक्यातच सांगते. तिथे आपल्या हातात फार काही नसतं. एपीएन, म्हणजे कंपनीच्या डेटाची सेटिंग, बघायची, सिम काढून घालायचं, विमान मोड लावून काढायचा. अपडेटने टॉवरच तोडल्याचं ठळक उदाहरण २०१४ चं. आयओएस ८.०.१ घेतलेल्या आयफोन ६ आणि ६ प्लसवरून नेटवर्क गेलं, अ‍ॅपलने ते अपडेट त्याच दिवशी मागे घेतलं आणि दुसऱ्या दिवशी ८.०.२ दिलं. आणि उलटही घडलेलं आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये आपल्याकडे ५जी सुरू झालं, तेव्हा पुष्कळांच्या खिशात ५जीचा फोन असूनही ५जी येत नव्हतं. आयफोनवर ते डिसेंबरमध्ये आयओएस १६.२ च्या अपडेटने आलं. तेव्हा अपडेट म्हणजे निव्वळ ताप, असं मी कुणाला म्हणू देत नाही. २०१७ मध्ये मॅथी व्हॅनहूफ या बेल्जियममधल्या संशोधकाने डब्ल्यूपीए२ मधली क्रॅक नावाची भगदाडं दाखवली. पासवर्ड कितीही अवघड ठेवा, जवळपासच्या माणसाला तुमची माहिती वाचण्याची वाट सापडू शकत होती. ती बुजवली ती अपडेटनेच. जो फोन अपडेट घ्यायचा थांबलाय, त्यावर मी बँकेचं अ‍ॅप ठेवू देत नाही.

आणि तरीही, मावशीच्या फोनचं जे झालं त्यानंतर मला नुसतं, “अपडेट घ्या हो,” एवढं सांगून गप्प बसता येत नाही.

मावशी गिरगावात राहते, ठाकूरद्वारजवळच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. वय पंच्याहत्तरच्या पुढे. मुलगा परदेशात. दोन्ही कानांना मशीन आहे, ब्लूटूथवालं, मुलानेच हट्टाने घेऊन दिलेलं. त्या मशीनमुळे तिचं आयुष्य खरोखर बदललं होतं. फोन वाजला की आवाज थेट दोन्ही कानांत येतो, गॅलरीत कितीही गोंगाट असू दे. रविवारी सकाळी नातवाशी तासभर बोलणं, भिशीच्या बायकांचे फोन, बहिणीशी, म्हणजे माझ्या आईशी रोज रात्रीचं बोलणं. कान गेल्यापासून आधीची काही वर्षं ती कुणाशीच फोनवर बोलत नव्हती. मशीनने ते परत आणलं होतं.

मग हळूहळू तिचे फोन कमी झाले. आई म्हणायला लागली, “ती हल्ली लगेच ठेवून देते. काही विचारलं तर हो-हो म्हणते.” मुलाला वाटलं, आईचं काहीतरी बिनसलंय. मी गेले तेव्हा मावशी पलंगावर बसली होती आणि फोन कानाला लावून बोलायचा प्रयत्न करत होती. फोन मशीनला चिकटला की मशीन शिट्टी घालायचं, ती दचकून फोन लांब धरायची, मग ऐकू यायचं नाही. पुन्हा जवळ, पुन्हा शिट्टी. शेवटी तिने, “बरं बरं, ठेवते,” म्हणून फोन खाली ठेवला आणि मला म्हणाली, “कान आणखी गेले गं माझे. आता डॉक्टरकडे जायचं म्हणजे नवीन मशीन सांगणार. एवढा खर्च परत कशाला सांगू त्याला?”

ती काही आठवडे हे मनात धरून बसली होती. कान आणखी गेले. तिने ते मान्यही करून टाकलं होतं, आणि मुलावर खर्च पडू नये म्हणून कुणाला सांगितलंही नव्हतं.

मी तिच्याशी समोरासमोर नेहमीच्या आवाजात बोलत होते आणि तिला सगळं कळत होतं. म्हणजे कान होते तिथेच होते, मशीनही चालू होतं. तुटला होता तो फोन आणि मशीन यांच्यातला धागा. “मावशी, कान ठीक आहेत तुझे. फोनचं काहीतरी आहे,” असं म्हटल्यावर तिने माझ्याकडे बघितलं, पण तिला ते पटलेलं दिसलं नाही.

फोनवर अपडेटची तारीख बघितली. तिच्या तक्रारीच्या सुरुवातीशी जुळत होती. मग मशीनचं अ‍ॅप उघडलं, तर ते नुसतं शोधत बसलं. अ‍ॅपच्या परवानग्या बघितल्या आणि तिथे सापडलं. अँड्रॉइड १२ पासून, म्हणजे २०२१ पासून, ब्लूटूथने जवळचं उपकरण शोधायला आणि जोडायला अ‍ॅपला वेगळी परवानगी लागते, निअरबाय डिव्हायसेस नावाची. त्याआधी याच कामासाठी लोकेशनची परवानगी मागितली जायची, ते जास्तच खटकणारं होतं, तेव्हा बदल चांगल्यासाठीच. पण फोनवर येणारा प्रश्न कसा असतो? आसपासची उपकरणं शोधण्याची, त्यांना जोडण्याची आणि ती किती अंतरावर आहेत हे ठरवण्याची परवानगी द्यायची का? त्यात कान नाही, मशीन नाही, फोनवरचा आवाज नाही.

मावशीने नाही दाबलं होतं.

का नाही दाबलं, तर मुलाने तिला बजावून ठेवलेलं होतं, फोनने काहीही विचारलं, कुणीही परवानगी मागितली, तर नाही म्हण. चाळीतल्या एका आजोबांना पोलिसांच्या नावाने फोन करून कुणीतरी लुबाडलं होतं, तेव्हापासून सगळ्या म्हाताऱ्या माणसांना घरच्यांनी हेच शिकवलेलं. तिने शिकवल्याप्रमाणे अगदी बरोबर केलं. आणि अँड्रॉइड ११ पासून असा नियम आहे की एकाच परवानगीला दोनदा नाही म्हटलं की अ‍ॅपला तो प्रश्न परत विचारता येत नाही. तोही चांगल्यासाठीच, लोकांना सारखं छळू नये म्हणून. तीन चांगल्या गोष्टी एकावर एक आल्या आणि एक बाई आपल्या माणसांपासून तुटली.

मी परवानगी दिली. मग ब्लूटूथच्या यादीतून मशीनच्या जुन्या नोंदी काढल्या, डाव्या कानाची आणि उजव्या कानाची, कारण अपडेटनंतर त्या नुसत्या नावाला राहिल्या होत्या, दाबल्या तरी जोडल्या जात नव्हत्या. तिच्या मशीनला बॅटरीचं झाकण उघडून परत बंद केलं की थोडा वेळ ते नव्याने जोडून घ्यायला तयार असतं. मावशीने दोन्ही मशीन काढून ओच्यात घेतली, नखाने ती चिमुकली झाकणं उघडली, बंद केली. हे काम तिचं तिलाच सफाईने येतं, माझ्या बोटांना ते जमलं नसतं. उजवा कान लगेच जोडला गेला. डावा यायला वेळ लागला, तोवर ती माझ्या तोंडाकडे बघत बसली, कारण मशीन हातात होती आणि तिला काहीच ऐकू येत नव्हतं. मग डाव्याचंही नाव आलं. तिने मशीन कानांत घातली आणि मी गॅलरीत जाऊन तिला माझ्या फोनवरून फोन लावला. “मावशी, ऐकू येतंय?” आतून तिचा आवाज आला, फोनवरही आणि दारातूनही, “अगं, ओरडतेस कशाला?”

मग तिने स्वतःहून लेकाला फोन लावला. तिथे पहाट होती. वेळ बघण्याचं तिला सुचलं नाही आणि मीही आठवण केली नाही.

अ‍ॅप बनवणाऱ्यांनी तो प्रश्न येण्याआधी एक ओळ दाखवायला हवी होती, तिच्या भाषेत. तुमच्या कानातल्या मशीनला फोनचा आवाज मिळावा म्हणून ही परवानगी हवी आहे. एवढंच. असं आधी समजावून सांगता येतं, अँड्रॉइड स्वतः अ‍ॅप बनवणाऱ्यांना तसं सुचवतं. फोन मराठीत करता येतो, पण अ‍ॅप मराठीत नसेल तर सगळं अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी होऊन बसतं, आणि महत्त्वाचं नेमकं इंग्रजीत राहतं. ज्यांचं ऐकणं, ज्यांची शुगर मोजणं, ज्यांचा हृदयाचा ठोका नोंदवणं या बिनतारी धाग्यावर आलंय, त्यांच्यासाठी ही किरकोळ गैरसोय नाही. हे मी त्या कंपनीला सविस्तर लिहून कळवलं आहे, स्क्रीनशॉटसकट. तंत्रनिकेतनात माझ्या विद्यार्थ्यांना आता प्रकल्प देताना मी अट घालते की परवानगी मागणारं प्रत्येक वाक्य आधी मराठीत लिहा, आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला वाचून दाखवा. त्याला कळलं नाही तर वाक्य बदला, माणूस नाही.

मावशीला मी दोन प्रकारचे प्रश्न वेगळे करून दिलेत. कुणी माणूस फोनवर पैसे, ओटीपी, परवानगी मागत असेल तर नाही, हे तसंच. पण मशीनच्या अ‍ॅपने काही विचारलं तर लगेच नाही दाबायचं नाही आणि हो पण दाबायचं नाही, फोन तसाच ठेवायचा आणि मला बोलवायचं. तिने ते कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलंय, माझा नंबर मोठा करून, आणि खाली चाळीतल्या एका कॉलेजच्या मुलीचा, कारण परळहून मला यायला वेळ लागतो.

तिच्या फोनवर पुढच्या अपडेटची सूचना येऊन पडली आहे. तिने ती घेतलेली नाही, माझी वाट बघतेय. मशीनच्या कंपनीच्या पानावर कुठल्या फोनवर कुठली आवृत्ती चालते याची यादी असते, ती मी बघून ठेवली आहे. तिचा फोन त्यात आहे. रविवारी सकाळी, नातवाचा फोन होऊन गेल्यावर, आम्ही दोघी मिळून ते घेणार आहोत.